काचेतला पूल

मित्रांनो, मी एक जुनं विद्यापीठ आहे. दचकू नका, जेवणाची दोन टेबलं एकत्र केली की त्यांवर मावेन एवढंच आहे मी. खरं विद्यापीठ बाहेर आहे. तिथे झाडांवर खरे पक्षी बसतात, मुलं तासाला उशिरा येतात आणि कधीकधी प्राध्यापक त्याहून उशिरा. मी त्या विद्यापीठाची प्रतिकृती. प्रशासन भवनाच्या दालनात, जिन्यासमोर, काचेच्या पेटीत मी असते. येणारा-जाणारा वाकून बघतो, "अरे वा, काय सुंदर आहे!" म्हणतो आणि पुढे जातो.

पूर्वी हे ऐकून मी हुरळून जायचे. आता कुणी सुंदर म्हटलं की कुठे तोंड लपवू असं होतं. का होतं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म झाला तेव्हा बाहेर काहीच नव्हतं. नुसता माळ, त्यावर खुरटं गवत आणि एक पत्र्याची शेड. पहिले कुलगुरू उंच, किडकिडीत, पँटच्या खालच्या काठाला कायम माती. त्यांनी एका तरुण कारागिराला शेडमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "बांधायच्या आधी मला हे सगळं डोळ्यांनी बघायचंय. बनवशील?"

त्या कारागिराची बोटं सदानकदा डिंकाने माखलेली असायची, म्हणून सगळे त्याला डिंककाका म्हणायचे. खरं तर तेव्हा काका म्हणवून घ्यायचं त्याचं वय नव्हतं, मिशीसुद्धा धड फुटली नव्हती. पण एकदा पडलेलं नाव काही सुटलं नाही. त्याने मला पातळ फळ्या, पुठ्ठा आणि बुचाच्या भुशातून घडवलं. माझे रस्ते पॉलिश पेपरचे. माझी झाडं म्हणजे हिरव्या रंगात बुडवून वाळवलेले स्पंजचे तुकडे. आणि माणसं काडेपेटीतल्या काड्यांची, गूल खरवडून काढलेली. काम करताना डिंककाका जीभ दातात धरायचा आणि स्वतःशीच बडबडायचा, "थांब गं बाई, हलू नकोस, हा एवढा जिना लावू दे." तो माझ्याशीच बोलायचा, असं मी धरून चालले आहे.

ते दिवस फार चांगले होते. गवंडी, ठेकेदार, अभियंते माझ्याभोवती कोंडाळं करून उभे राहायचे. "ही खिडकी इकडे? मग तिकडची भिंत सरकवावी लागणार." असं म्हणत ते बाहेर जायचे आणि माझ्यासारखंच बांधायचे. मी वचन होते आणि ते वचन विटा-सिमेंटने पाळलं जात होतं. त्या वेळी माझ्या अंगावर जे होतं, ते वर्षा-दोन वर्षांनी बाहेर उभं राहायचं. आधी मुख्य इमारत, मग ग्रंथालय, मग मुलींचं वसतिगृह. मला उगीच वाटायचं की मीच हे सगळं केलं.

मग विद्यापीठ वाढू लागलं आणि पहिल्या कुलगुरूंनी एक छान प्रथा पाडली. नवी इमारत बांधून झाली, तिच्यात दिवे लागले, नळाला पाणी आलं, की वर्धापनदिनी सगळे दालनात जमायचे. माझी काच उघडली जायची. डिंककाकाने केलेली त्या इमारतीची इवलीशी प्रतिकृती कुलगुरू स्वतःच्या हाताने माझ्यावर बसवायचे. टाळ्या, फोटो, चहा. या प्रकाराला सगळे 'बसवणी' म्हणत. "यंदा बसवणी कसली?" असं मुलं एकमेकांना महिनाभर आधीपासून विचारायची.

घात तिथूनच झाला. एका वर्षी क्रीडागृहाचं छत राहिलं होतं आणि वर्धापनदिन तोंडावर आला. तेव्हा दुसरे कुलगुरू होते, घाईचा माणूस. ते म्हणाले, "छत काय, महिन्याभरात होईल. बसवून टाकू!" बसवलं. पुढे छतही झालं, त्यामुळे कुणाच्या पोटात दुखलं नाही. पुढच्या कुलगुरूंच्या वेळी नुसती पायाभरणी झालेली इमारत बसवली. त्यानंतरच्यांनी तर नुसती घोषणा बसवली. टाळ्या मात्र तेवढ्याच पडल्या, उलट जरा जास्तच. असं करत करत माझ्या अंगावर पोहण्याचा तलाव आला, नाट्यगृह आलं, वाटोळ्या घुमटाचं तारांगण आलं. बाहेर त्या जागी गवत, गवतावर गाई.

आणि लोकांची गंमत बघा. माझ्यावर बसलं म्हणजे झालं, असंच सगळे धरून चालू लागले. कुणी कचेरीत विचारलं, "पोहण्याचा तलाव झाला का हो?" तर कारकून मानसुद्धा वर न करता माझ्याकडे बोट दाखवायचा. "झाला की. तो काय." माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर माझा फोटो आला. तो पाहून लांबलांबून मुलं येऊ लागली. तपासणी समित्या आल्या की त्यांना आधी माझ्यासमोर उभं करायचं, मग जेवायला न्यायचं, आणि मग वेळ उरला तर आवार दाखवायचं. वेळ बहुधा उरायचा नाही. विद्यापीठाचं नाव झालं. वर्तमानपत्रात आलं. मी शेफारले. खोटं सांगत नाही, मला तेव्हा वाटायचं, बाहेरच्या त्या धुळकट विद्यापीठापेक्षा मीच खरी.

या सगळ्यात माझ्या अंगावर एक पूल आला.

आमच्या आवाराच्या मधून मोठा रस्ता जातो. अलीकडे ग्रंथालय, पलीकडे विज्ञान भवन. विज्ञान भवन नवं झालं तेव्हा ठरलं, की ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावरून थेट तिकडच्या दुसऱ्या मजल्यावर जाणारा पूल करायचा. डिंककाकाने तो आधीच केला. अहाहा, काय पूल होता तो! केसासारख्या तारा, त्यांना नखाएवढ्या फळ्या, दोन्ही बाजूंना कठडा, त्या कठड्याला बारीक गज. डोळ्यांना चष्मा लागला त्याच्या, पण त्याने तो पूर्ण केला. बसवणीच्या दिवशी विज्ञान भवन आणि पूल एकदमच माझ्यावर आले.

बाहेर विज्ञान भवन झालं. पूल राहिला. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर पुलासाठी दार केलं होतं, दारापुढे सज्जा काढला होता. तो सज्जा तसाच रस्त्याच्या दिशेने हात पुढे करून थांबला. टोकाला लोखंडी कठडा लावला आणि मुलं तिथे वाऱ्याला उभी राहून चहा पिऊ लागली. त्याला सगळे 'गॅलरी' म्हणू लागले. गॅलरी म्हटल्यावर ती मुळात पुलाची सुरुवात होती, हे कोण लक्षात ठेवतो? डोळस माणूस तिथे पूल नाही हे बघतो, खाली उतरतो, सिग्नलला थांबतो आणि रस्ता ओलांडतो. त्याला त्यात विचार करायला लागत नाही. ज्याला विचार करावा लागेल, असं माणूस अजून यायचं होतं.

ती आली एका दुपारी, मावशीचा हात धरून. इतिहास शिकायला प्रवेश मिळाला होता तिला. मावशी तिला ठकू म्हणायची. ठकूला जन्मापासून दिसत नव्हतं. आई लवकर गेली, मावशीनेच वाढवलं. मावशी शिवणकामाच्या कारखान्यात होती, तिला सुट्टी अशी मिळायचीच नाही. पोरीला सोडून परत जायचं होतं आणि जीव तर अडकलेला. दालनातल्या बाकावर बसून दोघींची जी बोलणी चालली, ती मी ऐकली. ऐकण्यावाचून मला दुसरा उद्योग काय!

"हे बघ ठकू," मावशी म्हणाली, "मी सहामाहीच्या शेवटी येणार. मला तू एकटी, कुणाचा हात न धरता, या आवारात हवं तिथे जाऊन दाखवायचं. जमलं, तर राहा इथे. मी पुन्हा ब्र काढणार नाही. पण कुठे पडलीस, हरवलीस, तर गपगुमान सामान बांधायचं. घरी बसून परीक्षा देता येते."

"आणि जमलं तर तू रडायचं नाहीस."

"मी कशाला रडतेय?" असं म्हणत मावशीने पदराने नाक पुसलं.

डिंककाका तेव्हा माझी काच पुसत होता. आता तो खरोखरचा काका झाला होता, कानावरचे केस पांढरे, नाकावर चष्मा. त्याने ते ऐकलं. हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "पोरी, इकडे ये. तुला अख्खं विद्यापीठ एका जागी बसून दाखवतो."

त्याने काच उघडली.

मित्रांनो, इतकी वर्षं लोकांनी मला पाहिलं होतं, पण बघायला आलेल्या कुणी हात लावला नव्हता. 'स्पर्श करू नये' अशी पाटीच होती. ठकूची बोटं माझ्यावरून फिरली तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. ती भराभर चाचपत नव्हती. एका दारापाशी थांबायची, पायऱ्यांवरून बोटांची टोकं उतरवायची, कोपऱ्यावर वळायची. "हे वसतिगृह. इथून उजवीकडे खानावळ. मग हा उतार. बरोबर?" माझ्या अंगावर ती बोटांनी चालत होती. आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पायांनी चालून यायची आणि सांगायची, "काका, उतार आहे तिथेच! अगदी तिथेच!" तिचा चेहरा असा उजळायचा की डिंककाकाला उगाचच चष्मा पुसावा लागायचा.

खोटं काय आहे ते त्याने तिला सांगितलं, हे मला त्याच्या बाजूने बोललंच पाहिजे. "हा तलाव धरू नकोस, तो नाहीये. हे तारांगण नाही. नाट्यगृह व्हायचंय." ती हसायची. "काका, तुमचं विद्यापीठ थापा फार मारतं हो."

मग एका दुपारी तिची बोटं ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावरून पुढे सरकली आणि पुलावर आली. एकेका गजावरून तिने करंगळी फिरवली. कठड्यावरून गेली, परत आली, पुन्हा गेली.

"काका, हे कुणी केलं? इतकं नाजूक! कुणी केलं हे?"

डिंककाकाच्या तोंडून निघालं, "मी."

एवढंच निघालं. पुढचं वाक्य निघालंच नाही. त्या पुलाकडे इतक्या वर्षांत कुणी असं पाहिलं नव्हतं. समित्या आल्या, मंत्री आले, पण गज मोजून बघावेत असं कुणालाच वाटलं नव्हतं. आणि ही पोर बघत होती. अशा वेळी 'तो पूल नाहीये गं' म्हणायला त्याची जीभ उचलेना. उद्या सांगू, असं तो पुटपुटला. मी ऐकलं. आणि मीसुद्धा, तुम्हाला खरं सांगते, मनात म्हटलं, राहू दे की उद्या. कारण मलाही कुणी असं कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तपासणी समिती येणार म्हणून माझ्या काचेला कुलूप लागलं. किल्ली वर कार्यालयात गेली. डिंककाकाला कार्यशाळेत रंगकामाला लावलं. आवारात जिकडेतिकडे रंग, चुना, कुंड्या. त्या धांदलीत 'उद्या' वाहून गेला, आणि मावशीचा दिवस येऊन ठेपला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी काचेत. पण त्या संध्याकाळी दालनात सगळ्यांच्या तोंडी तेच होतं, म्हणून मला अथपासून इतिपर्यंत कळलं.

मावशी विज्ञान भवनाच्या दारात उभी होती. "ग्रंथालयातून निघायचं आणि माझ्यापर्यंत यायचं, मी हाक मारणार नाही," असं ठरलं होतं. ठकू एरवी खालूनच जायची, सिग्नलवरून; पुलाचं तिला नुकतंच कळलं होतं. पण त्या दिवशी तिच्या मनात आलं, की मावशीला चकित करावं. ती खाली रस्त्याकडे डोळे लावून बसली असेल आणि आपण वरून पुलावरून येऊन मागून तिच्या खांद्यावर हात ठेवायचा! वाट तर बोटांना पाठ होती. ती दुसऱ्या मजल्यावर गेली, दार ढकललं, वारा लागला. वारा लागणारच, पूल आहे ना. कठड्यासाठी तिने हात पुढे केला.

कठडा रंगवायला नेला होता. समितीसाठी. त्याच्या जागी एक दोरी बांधली होती.

काठी दोरीखालून पुढे गेली आणि पुढे जमीनच लागली नाही. तिच्या हातातून काठी सुटली. पोटाला दोरी लागली आणि ती वाकली. तेवढ्यात चहा पीत उभ्या असलेल्या एका मुलीने कप टाकून तिचा दंड धरला आणि मागे ओढलं. दोघी दारात आपटल्या. ठकूचा गुडघा फुटला, चहाने हात पोळला. बास, तेवढंच. पण खाली मावशीने पाहिलं ते हे, की दुसऱ्या मजल्यावरून भाचीची काठी गिरक्या घेत रस्त्यावर पडली आणि एका गाडीखाली तिचे दोन तुकडे झाले.

त्या संध्याकाळी मावशी ते दोन तुकडे हातात घेऊन दालनात आली. मागोमाग ठकू. रंगाचे हात तसेच घेऊन डिंककाका धावत आला.

मावशी ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "काका, मी हिला तुमच्या भरवशावर सोडून गेले होते."

डिंककाका हातावरचा रंग खरवडू लागला.

"काका," ठकूने विचारलं, "पूल नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं गं."

"तलावाचं सांगितलंत. तारांगणाचं सांगितलंत. मग हेच का नाही?"

"तुला तो आवडला होता," तो म्हणाला. खाली बसला, तिथेच, फरशीवर. "माझ्या हातून घडलेलं एवढंच एक चांगलं होतं. मला वाटलं, उद्या सांगू."

ठकू त्याच्याकडे वळली नाही. माझ्याकडेही वळली नाही. काचेला कुलूप होतं, पण मला माहीत आहे, उघडी असती तरी तिने हात लावला नसता. त्या क्षणी मला वाटलं, कुणीतरी मला उचलून बाहेरच्या कचऱ्यात नेऊन टाकावं. इतकी वर्षं टाळ्या मी खाल्ल्या होत्या. गुडघा तिचा फुटला.

"सामान बांध," मावशी म्हणाली.

"मावशी, मी कुठे पडले? पूलच नव्हता."

"तेच म्हणतेय मी. जिथे पूल नसतो तिथे तुला ठेवायची नाही मला."

ही गोष्ट वर गेली. त्या वेळी कुलगुरूपदी एक बाई होत्या, मनाने वाईट नव्हत्या. त्या याच विद्यापीठात शिकलेल्या, माहितीपत्रकावरचा माझा फोटो पाहूनच लांबून आलेल्या. जिन्यावरून धावत खाली आल्या, ठकूचा हात हातात घेतला, पुन्हापुन्हा माफी मागितली. दोन दिवसांवर वर्धापनदिन होता. त्या मावशीला म्हणाल्या, "तेवढे दोन दिवस थांबा. आम्हाला याची भरपाई करू द्या. मग तुम्ही म्हणाल तसं." मावशी कारखान्यात फोन करून कशीबशी थांबली. सामान मात्र बांधून दाराशी ठेवलं.

वर्धापनदिनाला दालन गच्च भरलं. माझी काच उघडली. मी धास्तावले होते, मित्रांनो, कारण डिंककाकाच्या हातातल्या ताटलीत मला एक नवीकोरी इमारत दिसत होती. बसकी, रुंद दारांची, पायऱ्यांच्या जागी उतार असलेली. कुलगुरूबाईंनी भाषण केलं. घडलेल्या प्रकाराने आपल्याला झोप नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं असावं, डोळे सुजले होते त्यांचे. "म्हणून आज आपण दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी साहाय्य केंद्राची बसवणी करतो आहोत. आणि ती करणार आहे आपली ठकू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ठकूच्या तळहातावर ती इमारत ठेवली.

ठकूने ती चाचपली. दारं, उतार, छप्पर. मग दुसरा हात पुढे केला आणि इतक्या दिवसांनी तिची बोटं माझ्यावर आली. हलकी नव्हती आता ती. सावध होती. ओल्या फरशीवर पाय टाकावा तशी.

"कुठे बसवायचं?"

"वसतिगृहाशेजारी," कुलगुरूबाई म्हणाल्या. "इथे, इथे."

"इथून तर मी रोज जाते." ठकूने बोट तिथेच टेकवलं. "इथे सायकली लावतात. बाई, हे केंद्र बाहेर कुठे आहे?"

कॅमेरेवाला फोटो घ्यायचा थांबला. कुलगुरूबाई हळूच म्हणाल्या, "होणार आहे गं. नक्की होणार आहे."

"मग झालं की बसवते," ठकू म्हणाली. रागाने नाही. अगदी साधेपणाने म्हणाली, आणि हवेत चाचपत कुलगुरूबाईंचा हात शोधला आणि ती इमारत त्यांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटली. "तोवर तुमच्याकडे असू दे. मी इथे बसवली आणि उद्या कुणी हिला शोधत गेलं, तर सायकलींवर पडेल."

कुलगुरूबाई मिटलेल्या मुठीकडे बघत राहिल्या. या विद्यापीठात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनीही त्या गवतात तलाव शोधला असणार. त्यांच्या चेहऱ्यावरून मला तसं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "काका, पूल काढा."

"बाई, फोटो—" कुणी अधिकारी पुटपुटला.

"फोटो पण काढा. पूल काढतानाचा."

डिंककाकाने खिशातून पातळ पातं काढलं. आपल्याच हाताने घडवलेलं तो माझ्या अंगावरून कापून काढू लागला. पण एक सांगते, मला दुखलं नाही. एकेक तार सुटत गेली तसं बरंच वाटत गेलं. शेवटी ग्रंथालयाच्या भिंतीत दोन आणि विज्ञान भवनाच्या भिंतीत दोन अशी बारीक भोकं तेवढी राहिली. डिंककाकाने तो पूल ठकूपुढे धरला. "घे. तुझ्याकडे राहू दे."

ठकूने तो घेतला नाही. "नको काका. तुम्हीच ठेवा," म्हणाली, आणि मग त्याच्या डिंकाळ बाहीला क्षणभर धरून उभी राहिली.

मागच्या रांगेतून मावशी पुढे आली. नवी काठी आणली होती तिने, घरी नेताना द्यायची म्हणून. ती ठकूच्या हातात दिली. "जा," म्हणाली. "इथून वसतिगृहात एकटी जा आणि दाराशी ठेवलेलं ते सामान सोड. मी बसते इथे."

"रडायचं नाही ठरलं होतं."

"मी कुठे रडतेय?"

त्यानंतर तलाव, तारांगण, नाट्यगृह, सगळं माझ्यावरून उतरलं. मी केवढीशी झाले! माहितीपत्रकावरून माझा फोटो गेला. पुढच्या तपासणीत विद्यापीठ एक पायरी खाली आलं आणि वर्तमानपत्राने तेही छापलं. जुने लोक काचेशी थांबून म्हणतात, "पूर्वी काय छान होतं!" गॅलरीच्या टोकाला आता पक्की भिंत आहे. ती साहाय्य केंद्राची इमारत अजून कुलगुरूबाईंच्या टेबलावर, पेनांच्या शेजारी आहे. सायकलींच्या जागेवर खड्डा खणलाय असं ऐकते. खणलाय म्हणजे नुसता खणलाय, मी त्याहून जास्त काही सांगणार नाही.

आणि ठकू? ती राहिली. सगळीकडे एकटी जाते. तिच्या काठीचा आवाज दालनातून रोज जातो, जिन्याकडे आणि परत. पण ती माझ्यापाशी थांबत नाही. 'स्पर्श करू नये' ही पाटी डिंककाकाने निवृत्त व्हायच्या दिवशी स्वतः उखडून टाकली, काचेचं कुलूपही काढलं. तरी ती थांबली नाही. दोन वर्षं मी तो आवाज ऐकला. येतोय, येतोय, आणि गेला. तिचं काही चुकत नव्हतं. जो आपल्याला खोटं सांगतो, त्याच्याकडे पुन्हा वाट विचारायला कोण जातं? अपराधी माणूस निदान जाऊन पाय धरू शकतो. मला ना हात ना पाय.

गेल्या आठवड्यात मात्र तो आवाज माझ्यासमोर येऊन थांबला. शिवाय आणखी एका काठीचा. नवी मुलगी होती, पहिल्या वर्षाची, घाबरलेली. ठकूने काच सरकवली. तिने त्या मुलीचं बोट धरून माझ्यावर ठेवलं, वसतिगृहापासून निघाली, खानावळ, उतार, ग्रंथालय, दुसरा मजला. भिंतीतल्या भोकांवर ते बोट थांबलं.

"ताई, इथे काय आहे?"

"इथे काही नाही," ठकू म्हणाली. "इथून पुढे जायचं नाही. खाली उतरायचं आणि सिग्नलने जायचं."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः जाऊन आलेय." आणि बोट उचलायच्या आधी तिने त्या भोकाशेजारी, ग्रंथालयाच्या भिंतीवरून, हलकेच हात फिरवला. पहिल्या दिवशी फिरवला होता तसा.

तर मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे आलात की मला खुशाल हात लावा, बोटांचे ठसे उमटू द्या. पण आधी बाहेर जाऊन सगळं चालून या. माझ्यावर काही जास्तीचं दिसलं तर लाजू नका, लगेच सांगा, उद्यावर टाकू नका. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमचंही कौतुक होईल, काही गोष्टी करायच्या आधीच लोक टाळ्या वाजवतील. तेव्हा एवढं आठवा, की टाळ्या वाजवणारे घरी जातात, पण तुमच्या शब्दावर पाय ठेवून कुणीतरी चालत येत असतं.